भर दुपारी काटा हरवतो

बटणं परत येताहेत, ही बातमी एव्हाना सगळ्यांनी वाचली आहे. इंडिकेटर, हॅझर्ड, हॉर्न, वायपर आणि आणीबाणीचा एसओएस या पाच कामांसाठी हाताला लागेल अशी कळ किंवा दांडी नसेल, तर २०२६पासून युरो एनकॅप या युरोपीय सुरक्षा-चाचणी संस्थेचे पाच तारे मिळवणं मोटार कंपन्यांना अवघड झालं आहे. उत्तम झालं. टचस्क्रीनवर बोट फिरवत वायपर शोधायची वेळ ज्याच्यावर आली असेल, तो पेढे वाटेल. पण या चर्चेत सगळ्यांनी बोटांचीच बाजू मांडली. डोळ्यांची विचारपूस कोणी केली नाही. स्टीअरिंगच्या मागे बसलेला टेम्परेचरचा काटा भर दुपारी दिसतच नाही, त्याला किती तारे द्यायचे?

हा प्रश्न कोणत्याही गाडीत पडतो, पण त्याचा खरा जाच होतो तो मोटरहोममध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात. आणि मोटरहोमला युरो एनकॅप तारे देतच नाही. ज्या व्हॅनवर ती बांधतात, त्या व्हॅनच्या सुरक्षा यंत्रणांची परीक्षा २०२०पासून होते. वर घर चढवल्यानंतरच्या गाडीची नाही.

अमेरिकेतली जीएमसी मोटरहोम घ्या. १९७३ ते १९७८ या काळात जनरल मोटर्सने अशा सुमारे १३,००० गाड्या काढल्या. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना, त्यामुळे खाली ड्राइव्हशाफ्ट नाही, गाडी जमिनीलगत, आणि समोर जवळजवळ पूर्ण रुंदीची प्रचंड काच. दृश्य पाहावं तर त्या काचेतून. आजही त्यांतल्या बऱ्याच गाड्या हौशी मालकांनी धावत्या ठेवल्या आहेत. मात्र जी काच आख्खं अ‍ॅरिझोना दाखवते, तीच आख्ख्या अ‍ॅरिझोनाचं ऊनही आत घेते. शिवाय बाजूच्या खिडक्या आणि छतातला झरोका आहेतच. कारमध्ये ऊन बहुधा पुढून किंवा बाजूने येतं. इथे ते चालकाच्या खांद्यावरून, मागूनही येतं आणि थेट मीटरवर पडतं.

युरोपात दुखणं तेच, कूळ वेगळं. तिथल्या बऱ्याचशा मोटरहोम फियाट ड्युकाटोवर बांधलेल्या असतात. त्यातल्या मोठ्या, बसच्या तोंडाच्या प्रकारात व्हॅनची मूळ केबिनच काढून टाकतात आणि नवी, कितीतरी मोठी काच बसवतात. डॅशबोर्ड मात्र व्हॅनचाच राहतो. छोट्या काचेच्या उजेडाचा हिशोब करून बनवलेले मीटर मोठ्या काचेमागे जाऊन बसतात आणि काच व मीटर यांच्यामध्ये टेबलाएवढं सपाट पठार तयार होतं. त्यावर नकाशा, टोपी, कागद काहीही ठेवा, त्याची सावळी प्रतिमा समोरच्या काचेत तरंगत राहते.

आता थोडा हिशोब; कंटाळवाणा नाही. कडक उन्हात चालकाच्या पांढऱ्या शर्टाची तेजस्विता २०,००० निटच्या घरात जाते. (निट हे एकक मोबाइलच्या जाहिरातींनी घरोघरी पोहोचवलं, एवढे तरी त्यांचे उपकार.) मीटरवरच्या पारदर्शक आवरणाचा एक पृष्ठभाग त्यातला साधारण ४ टक्के प्रकाश परत फेकतो, म्हणजे ८०० निट. खुद्द मीटर असतो सावलीत. तिथे हजारेक लक्स उजेड पोहोचला, तर पांढरे आकडे २५० निटच्या आसपास आणि काळी तबकडी १६ निटच्या आसपास. आकडा भोवतालच्या काळ्यापेक्षा सोळापट उजळ; वाचायला काहीच अडचण नाही. आता दोन्हींवर शर्टाचे ८०० चढवा. १,०५० विरुद्ध ८१६. सोळापटीचा फरक सव्वापटीवर आला. गाडीतल्या डिस्प्लेसाठीचं आयएसओ १५००८ हे मानक थेट उन्हातसुद्धा किमान दुपटीचा फरक मागतं. म्हणजे मोटरहोम चालवताना गडद शर्ट घालणं हा मीटर सुधारण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि तो कुठल्याही दुकानात कोणी सांगणार नाही.

मग मीटरवर मोठी झडप बसवली की झालं? नाही. इथेच गोम आहे. उन्हातला रस्ता ५,००० निटच्या वर असतो. डोळा त्याला सरावलेला. झडपेने ऊन अडवलं, पण उजेडही अडवला. मीटरपाशी शंभर लक्सच उरले, तर आकडे २५ निटवर येतात. बाहेरच्या रखरखाटातून एकदम माजघरात शिरल्यावर काही क्षण जे होतं, तेच चालकाचं दर नजरेला होतं. फक्त माजघरात आपण थांबतो, इथे गाडी ताशी ९० किलोमीटरने पुढे जात असते. थोडक्यात, मीटर दिसत नाही याची दोन कारणं आहेत आणि ती एकमेकांच्या उलट आहेत. एकावरचा उपाय दुसरं वाढवतो. मोटरहोमवाले वर्षानुवर्षं झडपा वाढवतात, कमी करतात आणि वैतागतात, ते यामुळे.

त्यात वय. मोटरहोमचा शौक बहुधा निवृत्तीनंतर फुलतो. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या मानाने जेमतेम एक तृतीयांश उजेड पोहोचतो. बायफोकल चष्म्याचा वरचा भाग रस्त्यासाठी, खालचा पुस्तकासाठी. मीटर या दोन्हींच्या मधल्या अंतरावर, म्हणजे कोणाच्याच हद्दीत नाही.

या सगळ्यावर मला ज्या माणसाचं म्हणणं सर्वांत पटतं, त्याने मोटरहोमचा विचार बहुधा कधी केलाच नसावा. पॉल फिट्स. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी हवाई दलाच्या राइट फील्ड इथल्या प्रयोगशाळेत हा मानसशास्त्रज्ञ काम करत होता. विमानं पडत होती आणि चौकशीच्या कागदांवर ‘वैमानिकाची चूक’ असा शिक्का बसत होता. फिट्स आणि त्याचा सहकारी रिचर्ड जोन्स यांनी वैमानिकांनाच विचारलं, की कळा वापरताना आणि मीटर वाचताना तुमचं नेमकं काय चुकलं? १९४७ साली त्यांचे दोन अहवाल आले. एकात कळांबाबतचे ४६० प्रसंग होते, दुसऱ्यात मीटर वाचण्यातले २७०. उंचीचा मीटर हजार फुटांनी चुकीचा वाचला, काटा उलट्या दिशेने समजला, शेजारचाच मीटर पाहिला, आणि साधं सरळ म्हणजे आकडे दिसलेच नाहीत. निष्कर्ष असा, की यातल्या पुष्कळ चुका माणूस बदलून नव्हे, तर मीटर बदलून टळतील. आज हे कोणालाही पटेल. तेव्हा वैमानिकाला दटावणं हाच सर्वमान्य उपाय होता.

फिट्स तिथे थांबला नाही. त्याने विमान उतरवणाऱ्या वैमानिकांच्या डोळ्यांवर सिनेकॅमेरा रोखला आणि नजर कुठल्या मीटरवरून कुठे जाते, किती वेळ थांबते, हे मोजलं. कॉकपिटमधले मुख्य मीटर कसे मांडावेत, याचा विचार या कामातून पुढे गेला. १९५४ साली त्याने मांडलेला नियम तर आजच्या बातमीच्या मुळाशीच आहे: लक्ष्य जितकं लहान आणि दूर, तितका तिथे हात पोहोचायला जास्त वेळ. टचस्क्रीनवरचा वायपर त्या नियमात नापास होतो. म्हणजे बटणांची लढाई जिंकायला सत्तरएक वर्षं लागली. मीटरांची अजून सुरूच झालेली नाही.

त्या काळच्या संशोधकांनी एक फरक काटेकोरपणे मांडला होता, जो डॅशबोर्डवाले आज सोयीस्करपणे विसरतात. मीटरचा नेमका आकडा वाचणं वेगळं आणि ‘सगळं ठीक आहे ना’ एवढंच पाहणं वेगळं. ऑइल प्रेशर, पाण्याचं तापमान, बॅटरीचे व्होल्ट यांचा आकडा घाट चढताना कोणाला हवा असतो? काटा रोजच्या जागी आहे की नाही, एवढं पुरे. म्हणून विमानात आणि शर्यतीच्या गाड्यांत गोल मीटर त्याच्या बैठकीतच फिरवून बसवतात. सगळं ठीक असताना सगळे काटे एकाच दिशेला, समजा बाराच्या ठोक्यावर. एक काटा वाकडा झाला, की नजरेच्या कडेलाही खटकतं. ऊन आकडे पुसून टाकतं, पण काट्याचा कल सहसा उरतो. जुन्या मोटरहोममध्ये वेगळे गोल मीटर असतील तर मागचा क्लॅम्प सैल करून हे करता येतं. एकत्रित पॅनेल असेल तर आवरणावर नेहमीच्या जागी बारीक पट्टी चिकटवायची. खर्च जवळजवळ शून्य. माझ्या मते मोटरहोमच्या मीटरवर एवढा एकच उपाय करायचा असेल, तर हा करावा.

डिजिटलने हा प्रश्न सुटेल असं वाटलं होतं. १९८४च्या कॉर्व्हेटमध्ये एलसीडीचा चकचकीत फलक आला आणि उन्हात फिका पडतो म्हणून मालकांच्या शिव्या खाऊ लागला. १९९०च्या मॉडेलमध्ये काटे परत आले. उत्तर जवळपास सापडलं ते लेक्ससला. १९८९च्या एलएस ४००मध्ये मीटर दिवसाही आतून उजळलेले, गडद पृष्ठभागावर तरंगल्यासारखे दिसत. झडपेच्या सावलीत उजेड नाही ना, मग आकड्यांनीच स्वतःचा उजेड आणावा.

हौशी मालक हेच घरी करू पाहतात. पॅनेल उघडायचं, मागचे पिवळट बल्ब काढायचे, त्यावरची हिरवी-निळी टोपणं फेकायची आणि पांढरे एलईडी खोचायचे. चालतं, पण अटी आहेत. एलईडीला दिशा असते. उलटा खोचला तर पेटत नाही, काढून फिरवावा लागतो. त्याचा झोत समोर जातो, त्यामुळे तबकडीवर ठिपके पडतात. जुना डिमर त्याला नीट मंद करू शकत नाही, म्हणजे दुपारचा फायदा रात्री डोळ्यांत जातो. पॅनेलमागची तांब्याची छापील पट्टी पन्नास वर्षांची असेल तर हात लावताच तडकते. जादा वॅटचा साधा बल्ब हा त्याहून वाईट पर्याय; प्लास्टिक वितळतं. काट्याला फ्लोरोसंट केशरी रंग दिला तर उन्हात तो उठून दिसतो, पण पातळ एकच हात. जाड रंगाने काट्याचं वजन वाढतं, तोल जातो आणि वेग चुकीचा दिसू लागतो. आवरणावरचे बारीक ओरखडे प्लास्टिक पॉलिशने काढले तर निम्मा धुरकटपणा जातो. अमोनियाचा काच-क्लीनर मात्र त्याला लावू नये.

ध्रुवीकृत, म्हणजे पोलराइज्ड, गॉगल हे दुधारी प्रकरण आहे. डॅशबोर्डची समोरच्या काचेतली प्रतिमा ते छान कापतात. पण काही एलसीडी फलक त्यातून पाहिले की काळेठिक्कर दिसतात. गॉगल घेताना आपण आरशात पाहतो. पाहायला हवं मीटरकडे.

आपल्याकडे हा विषय परका राहिलेला नाही. महाराष्ट्राने २०२१मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, केरळने त्याच वर्षी. अमेरिकेतली मराठी कुटुंबं मोटरहोम भाड्याने घेऊन यलोस्टोनला जातातच. आपल्याकडे कॅरव्हॅन बहुधा प्रवासी गाडीवर किंवा बसच्या चासिसवर बांधली जाते आणि सगळी कल्पकता मागे खर्च होते: पलंग, सिंक, इन्व्हर्टर, एसी. डॅशबोर्डला कोणी हात लावत नाही. लावला तर वर पांढरा टॉवेल, गणपती, झेंडूची माळ आणि टोलच्या पावत्या. भक्तीला हरकत नाही, पण ते पांढरं कापड काळं का असू नये? पुढच्या काचेत त्याची प्रतिमा दिवसभर दिसते. गडद, खरबरीत, न चमकणारी मॅट हा इथला पहिला इलाज. काळ्या फिल्मचा मार्ग तर बंदच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२च्या निकालाने फिल्म गेल्या. आणि पुढच्या काचेतून किमान ७० टक्के व बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आत यायला हवा, असा नियम आहे. तो योग्यच आहे. बाहेरचं दिसणं मीटर दिसण्याच्या आधी येतं.

दिवसा उजळणाऱ्या मीटरचा एक वेगळाच धोका आहे, आणि तो कॅनडाने ओळखला. पूर्वी अंधार पडला की मीटर दिसेनासा व्हायचा आणि चालकाला आठवायचं, की दिवे लावायचे राहिले. मीटर कायम उजळलेला असला की ही आठवण जाते. पुढे दिवसा आपोआप लागणारे दिवे मिणमिणत असतात, मागे टेललाइट बंद, आणि संध्याकाळच्या महामार्गावर मागून पाहणाऱ्याला गाडी दिसतच नाही. कॅनडाने सप्टेंबर २०२१पासून नव्या गाड्यांना तीन पर्याय दिले: दिवसाच्या दिव्यांबरोबर टेललाइटही लागावेत, किंवा अंधारात सगळे दिवे आपोआप लागावेत, किंवा दिवे बंद असतील तर डॅशबोर्ड काळाच राहावा.

घरच्या घरी एलईडी लावून मीटर सरळ इग्निशनला जोडणारा मोटरहोमवाला नेमका याच सापळ्यात पाय घालतो. जुन्या गाड्यांत मीटरचे दिवे पार्किंग लाइटच्या स्विचवरून येतात, आणि टेललाइटही तिथूनच. ते नातं तोडू नये. मीटरची वायर वेगळी काढण्याऐवजी, इग्निशन चालू होताच पार्किंग लाइटच लागतील असा रिले बसवून घ्यावा. दिवसा मीटर उजळतो, मागची लाल बत्तीही पेटते. मधल्या काळातल्या काही गाड्यांत याच्या उलट घोळ आहे: हेडलाइट लावले की रात्र झाली असं समजून फलक स्वतःच मंद होतो. तिथे डिमरचं चाक दिवसभर वर फिरवून ठेवायचं, आणि अंधार पडला की खाली आणायचं.