खाजणातून उभे राहिलेले नगर : बिधाननगर

शहरांची वाढ दोन तऱ्हांनी होत असते. पहिल्या तऱ्हेत माणसे आधी येतात आणि व्यवस्था मागाहून येते. घरे उभी राहतात, मग रस्त्यांची आठवण होते, आणि गटारांचा विचार तर पहिला पावसाळा अंगावर आल्यावरच सुचतो. दुसऱ्या तऱ्हेत नकाशा आधी येतो. रस्ते, पाणी, शाळा, बाजार यांची जागा कागदावर निश्चित होते आणि मग माणसांना बोलावणे जाते. स्वातंत्र्यानंतर आपल्या देशात मोठ्या शहरांच्या कडेला या दुसऱ्या तऱ्हेची जी उपनगरे वसली, त्यांपैकी कोलकात्याच्या पूर्वेकडील बिधाननगर हे विशेष अभ्यसनीय आहे. लोकांच्या तोंडी त्याचे नाव आजही ‘सॉल्ट लेक’ असेच आहे. त्याचे वैशिष्ट्य असे की, तेथे नुसते नगरच योजून बांधले गेले असे नव्हे, तर ज्या जमिनीवर ते उभे आहे ती जमीनही माणसाने घडविलेली आहे.

ही जमीन घडवावी का लागली, हे समजण्यासाठी त्या शहराची भूरचना ध्यानात घेतली पाहिजे. हुगळी नदी शहराच्या पश्चिमेस वाहते. साहजिकच कोणाचीही कल्पना अशी होईल की, शहराचे पाणी नदीकडे उतरत असेल. प्रत्यक्षात ते उलट आहे. नदीने युगानुयुगे आपल्या काठावर गाळ टाकून तो उंच केला, आणि जमिनीचा उतार नदीपासून दूर, पूर्वेकडे गेला. त्या पूर्वेस खाऱ्या पाण्याची विस्तीर्ण तळी होती. बिद्याधरी नावाच्या नदीवाटे समुद्राच्या भरतीचे पाणी तेथे येई आणि ओहोटीबरोबर परत जाई. कोकणातील श्रोत्यांना ‘खाजण’ म्हटले की जे चित्र डोळ्यांपुढे येते, त्याच जातीचा, पण फार मोठ्या विस्ताराचा हा प्रदेश होता. इंग्रजी अमदानीत शहराचे सांडपाणी याच दिशेला सोडण्याची व्यवस्था झाली. पुढे बिद्याधरी गाळाने भरत गेली, आणि १९२८ साली ती निरुपयोगी झाल्याचे सरकारनेच जाहीर केले. भरतीचे पाणी येईनासे झाले, तळ्यांचा खारेपणा ओसरला, आणि त्यांत शहराचे सांडपाणी मात्र येत राहिले. या पाण्यावर तेथील मच्छीमारांनी गोड्या पाण्यातील मासे वाढविण्याची एक रीत बसविली. या मत्स्यतळ्यांना बंगालीत ‘भेडी’ म्हणतात. त्यांच्याकडे आपल्याला पुन्हा वळावयाचे आहे.

१९४७ साली बंगालची फाळणी झाली. पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे सुरू झाले, आणि आधीच दाटीने वसलेल्या कलकत्त्यात पाय ठेवावयासही जागा उरली नाही. पश्चिमेस नदी, नदीपलीकडे हावडा, उत्तरेस आणि दक्षिणेस नदीकाठाने लांबत गेलेल्या वस्त्या. मोकळी अशी एकच दिशा होती, ती पूर्वेची, आणि तेथे पाणी होते. डॉक्टर बिधानचंद्र राय हे १९४८ पासून पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री होते. पेशाने नामांकित वैद्य असलेल्या या गृहस्थांनी नगररचनेत असाधारण आस्था दाखविली. दुर्गापूर आणि कल्याणी ही नगरेही त्यांच्याच कारकीर्दीतील. खाऱ्या तळ्यांचा उत्तर भाग भरून काढून तेथे मुख्यत्वे मध्यमवर्गीयांसाठी नगर वसवावे, असे त्यांनी ठरविले. १६ एप्रिल १९६२ रोजी भरावाच्या कामाचा आरंभ झाला. त्यानंतर अडीच महिन्यांनी, १ जुलै १९६२ रोजी, आपल्या ऐंशीव्या वाढदिवशी डॉक्टर राय निवर्तले. नगराला पुढे त्यांचे नाव मिळाले.

भरावाची रीत मोठी मनोवेधक होती. मुंबईत समुद्र हटविताना टेकड्या फोडून दगडमाती आणून टाकली गेली. कलकत्त्याच्या आसपास टेकडीच नाही. तेव्हा नदीनेच नदीचे काम करावे, अशी योजना झाली. हुगळीच्या पात्रातून यंत्रांनी गाळ आणि रेती उपसावयाची, तीत पाणी मिसळून पातळ रबडी करावयाची, आणि मोठमोठ्या नळांतून ती शहर ओलांडून मैलोगणती दूर तळ्यांपर्यंत ढकलावयाची. तळ्यांचे भाग आधीच बांध घालून वेगळे केलेले असत. त्यांत ही रबडी ओतली की रेती तळाशी बसे आणि वरचे पाणी चरांतून वाहून जाई. थरावर थर चढत जमीन वर येई. हजारो मालमोटारींनी जे काम शहराचे रस्ते मोडून केले असते, ते नळांनी निमूटपणे केले. हे काम युगोस्लाव्हियातील ‘इव्हान मिलुतिनोविच’ या संस्थेकडे होते. अशा रीतीने १९६० च्या दशकात सुमारे दहा चौरस किलोमीटर भूमी तयार झाली.

नगराचा आराखडाही एका युगोस्लाव्ह रचनाकारानेच केला. त्यांचे नाव दोब्रिवोये तोश्कोविच. त्यांच्या आराखड्याचे सूत्र असे की, रहदारी आणि राहणी यांची गल्लत होऊ द्यावयाची नाही. नगराचे मोठे विभाग पाडले, आणि त्या विभागांत लहान लहान वसाहती कल्पिल्या. रुंद रस्ते वसाहतींच्या कडेने जातात. आतले रस्ते अरुंद आणि असे रचलेले, की ज्याचे घर तेथे नाही त्याला आत शिरण्याचे काही प्रयोजनच उरू नये. प्रत्येक वसाहतीच्या पोटात एक बाग, जवळपास बाजार आणि शाळा, आणि साऱ्या नगराच्या मध्यभागी एक विस्तीर्ण उद्यान. वसाहतींना नावे न देता इंग्रजी मुळाक्षरांच्या जोड्या दिल्या : एए, एबी, बीसी, सीडी अशा. परक्याला ही नावे रुक्ष वाटतात. पण माणसे कशावरही माया करू शकतात. आज प्रत्येक अक्षरजोडीची आपली दुर्गापूजा आहे, आपली मंडळी आहे आणि शेजारच्या अक्षरजोडीशी आपली स्पर्धाही आहे. पत्ता सांगताना लोक उंच जलकुंभांचे क्रमांक सांगतात. नकाशा करणाऱ्याने ज्यांना पाण्याच्या टाक्या म्हणून योजले, त्यांना रहिवाशांनी चौकांची नावे करून टाकले.

मात्र नगर लगेच वसले नाही. भूखंड घेतलेले लोकसुद्धा पुष्कळ काळ तेथे राहावयास धजत नव्हते. ओसाड रेती, तुरळक दिवे, वाहनांची वाण. अशा ठिकाणी शहरातील गल्ली सोडून कोणी जावे? १९७२ च्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन तेथे भरले आणि त्या निमित्ताने रस्ते, दिवे, पाणी यांची कामे वेगाने झाली. श्रीमती इंदिरा गांधींच्या निवासासाठी बांधलेली वास्तू ‘इंदिरा भवन’ या नावाने राहिली, आणि पुढे ज्योती बसू यांचे वास्तव्य अनेक वर्षे तेथेच होते. १९८४ साली तेथे विशाल क्रीडांगण तयार झाले. नगराच्या पूर्व कडेचा पाचवा विभाग उद्योगांसाठी राखलेला होता. तो इलेक्ट्रॉनिकी आणि नंतर संगणक-व्यवसायाचे केंद्र झाला. १९९५ साली नगरपालिका आली, २०१५ साली महानगरपालिका. २०११ च्या जनगणनेत वस्ती दोन लाखांहून थोडी अधिक भरली. २०२० साली भुयारी आणि उन्नत रेल्वेचा पहिला टप्पा येथेच सुरू झाला, आणि २०२५ साली तो मार्ग हुगळीच्या खालून थेट हावड्यापर्यंत जोडला गेला.

येथपर्यंतची कथा यशाची आहे, आणि ती यशाचीच म्हणून सांगितली पाहिजे. परंतु योजिलेल्या नगराची खरी परीक्षा दोन प्रश्नांनी होते. जमीन कोणत्या अटींवर दिली? आणि ती भूमी पूर्वी कोणाच्या कामी येत होती?

पहिला प्रश्न प्रशासनाच्या नित्य परिचयाचा आहे. बिधाननगरातील भूखंड शासनाने विकले नाहीत. ९९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले. हेतू निर्मळ होता. गरजू मध्यमवर्गीयाला परवडेल अशा दराने जागा द्यावी, आणि त्याने ती नफ्यासाठी सटोडियाच्या हाती घालू नये, म्हणून हस्तांतरावर कडक निर्बंध ठेवले. पण नऊशे नव्याण्णव वर्षे टिकेल अशी अट घालताना एका कुटुंबाच्या पन्नास वर्षांत काय काय घडते, याचा हिशेब सुटतो. ज्याने उमेदीच्या वयात घर बांधले तो म्हातारा होतो; मुले बंगळूरला किंवा परदेशी जातात; दोन मजल्यांचे घर एकट्या माणसाला झाडणेही जड होते. विकावे म्हटले तर अट आडवी येते. अशा वेळी माणसे कायदा मोडत नाहीत, त्याला वळसा घालतात. कुलमुखत्यारपत्रे झाली, कागदावर एक आणि घरात दुसरा असे व्यवहार झाले, आणि ज्या सट्ट्याला दार बंद करावयाचे होते तो खिडकीतून आत आला. अखेर शासनाने ठराविक शुल्क घेऊन हस्तांतराची वाट मोकळी केली. अट चांगल्या हेतूने घातली एवढ्याने ती चांगली ठरत नाही. तिच्यात बदलत्या आयुष्यासाठी एक रीतसर दार ठेवावे लागते. नाही तर लोक बेरीतीचे दार पाडून घेतात.

दुसरा प्रश्न अधिक खोल आहे. नकाशावर ती तळी ‘मोकळी’ होती. वस्तुतः ती मोकळी नव्हती. त्या उथळ पाण्यात दोन कामे एकदम चालत. शहराचे सांडपाणी तळ्यात येऊन काही दिवस उन्हात पसरले की, त्यातील मैल्यावर सूक्ष्म जंतू जगत. शेवाळ वाढे आणि ते पाण्याला प्राणवायू पुरवी. माशांना आयतेच खाद्य मिळे. आणि निवळलेले पाणी पुढे भातशेतीला जाई. शहर ज्याला घाण म्हणून टाकी, ते मासळी आणि तांदूळ होऊन त्याच शहराच्या ताटात परत येई. एरवी ज्या कामासाठी मोठी यंत्रागारे उभारावी लागतात, ते काम सूर्य, शेवाळ आणि मच्छीमाराचा अनुभव यांच्या बळावर होत असे. तळी भरली गेली तेव्हा या कामाचा तेवढा भाग बंद पडला, आणि त्यावर जगणाऱ्यांचा धंदाही गेला. नगराच्या पश्चिम अंगाला दत्ताबाद नावाची दाट वस्ती आहे. नगरातील घरोघरी भांडी घासणाऱ्या आणि रिक्षा ओढणाऱ्या माणसांना अशाच वस्त्यांचा आसरा असतो. आराखड्यात घरे होती, पण त्या घरांत राबणाऱ्यांची घरे नव्हती.

या तळ्यांचे मोल शास्त्रीय भाषेत जगापुढे मांडण्याचे श्रेय मुख्यतः ध्रुबज्योती घोष या शासकीय अभियंत्याकडे जाते. शहराचे सांडपाणी जाते तरी कोठे, याचा माग काढीत ते या तळ्यांपर्यंत पोहोचले, आणि जन्मभर त्यांची बाजू मांडीत राहिले. १९९२ साली कलकत्ता उच्च न्यायालयाने उरलेल्या तळ्यांच्या प्रदेशात जमिनीचा वापर बदलण्यास मनाई केली. २००२ साली सुमारे १२,५०० हेक्टरांच्या या पाणथळ प्रदेशाला रामसर कराराखाली आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे स्थान मिळाले, आणि २००६ साली त्याच्या रक्षणाचा कायदाही झाला. जे १९६२ साली ओसाड म्हणून भरून काढले, त्याचाच दक्षिणेकडील भाऊबंद चाळीस वर्षांनी राखून ठेवण्याजोगा ठरला.

मराठी श्रोत्यांना यात काही ओळखीचे वाटेल. नवी मुंबई वसविताना आगरी-कोळ्यांच्या भातशेतीचा आणि मिठागरांचा प्रश्न उभा राहिला. १९८४ सालच्या आंदोलनात पाच शेतकऱ्यांचे प्राण गेले, आणि त्यानंतर संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ धारकांना देण्याचे तत्त्व स्वीकारले गेले. तेथेही नकाशाने ज्याला रिकामी जागा मानले, ती कोणाच्या तरी पोटापाण्याची जागा होती.

म्हणून डॉक्टर रायांना दोष द्यावा काय? मला तसे वाटत नाही. निर्वासितांनी भरलेल्या शहराच्या कारभाऱ्याला माणसांच्या डोक्यावर छप्पर हवे होते. पाणथळ भूमीचे शास्त्र तेव्हा बाल्यावस्थेत होते. त्यांनी घेतलेल्या निर्णयामुळे लक्षावधी लोकांना झाडांची सावली, रुंद रस्ते आणि घराशेजारी बाग मिळाली, हे लहान पुण्य नव्हे. पण त्यांना जी सवलत आपण देतो, ती आपल्याला घेता यावयाची नाही. कारण जे त्यांना ठाऊक नव्हते ते आपल्याला ठाऊक आहे. यापुढे एखाद्या शहराच्या कडेला नवे उपनगर आखताना नकाशावर पहिली रेघ ओढण्यापूर्वी कोणीतरी त्या जमिनीवर पावसाळ्यात जाऊन उभे राहिले पाहिजे. पाणी कोठून येते, कोठे जाते आणि वाटेत कोणाला जगविते, हे तेथल्या माणसांना विचारले पाहिजे. ते उत्तर नकाशाच्या आधी फाइलीत आले, तर पुष्कळ पुढचे खर्च आणि पुष्कळ पुढची भांडणे वाचतील.