प्रकल्पप्रमुख : अधिकार आणि उत्तरदायित्व

अधिकार आणि उत्तरदायित्व हे शब्द आपण बहुधा जोडीनेच उच्चारतो. त्यामुळे त्यांतील भेद नजरेआड होतो. अधिकार हाताखालच्या माणसाकडे सोपविता येतो. उत्तरदायित्व मात्र सोपविणाऱ्याकडेच राहते. प्रकल्पप्रमुखाचे पद समजून घ्यावयाचे तर या भेदापासूनच आरंभ करावयास हवा. आम्हां गोमंतकीयांच्या दारावरून गेलेली कोकण रेल्वे हे त्याचे बोलके उदाहरण आहे.

१९९० साली कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले आणि त्याची सूत्रे ई. श्रीधरन यांच्याकडे आली. रोह्यापासून मंगळूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरांचा मार्ग, ९१ बोगदे आणि लहानमोठे सुमारे २,००० पूल. एवढे काम एका कचेरीतून चालणे अशक्यच होते. म्हणून मार्गाचे विभाग पाडून प्रत्येकावर मुख्य अभियंता नेमला गेला व जागेवरचे निर्णय जागेवरच घेण्याचे स्वातंत्र्य त्याला मिळाले. बोगद्यात पाण्याचा झोत फुटला असता दूरच्या मंजुरीची वाट पाहणे म्हणजे माणसे संकटात लोटणेच होय.

स्वातंत्र्याबरोबर हिशेबही आला. प्रकल्पाचे भांडवल रेल्वे खाते व चार राज्ये यांचे होते. उरलेला बराचसा पैसा कर्जरोख्यांतून उभारलेला होता. विलंबाचा प्रत्येक दिवस व्याज वाढवीत होता. उरलेले दिवस दाखविणारी, उलट मोजणारी घड्याळे श्रीधरन यांनी लावली, त्यांचा अर्थ हाच.

तथापि या अधिकारालाही सीमा होत्या. गोव्यात मार्गाच्या आखणीवर तीव्र मतभेद झाले. खाजण जमिनी, वस्ती आणि वारसा यांविषयीच्या त्या प्रश्नांचा निवाडा अभियंत्याच्या अखत्यारीतला नव्हता. तो शासनाने करावयाचा होता. प्रमुखाचे कर्तव्य एवढेच, की वस्तुस्थिती न लपविता मांडावी आणि झालेला निर्णय निष्ठेने अमलात आणावा. पेडण्याच्या बोगद्यातील मऊ माती तर कोणाच्याच हुकमात नव्हती. ती पुनःपुन्हा ढासळली. पाच वर्षांचा मूळ संकल्प लांबला आणि २६ जानेवारी १९९८ रोजी सबंध मार्ग खुला झाला.

या कामात प्राण गमावलेल्या श्रमिकांचे स्मारक रत्नागिरीस आहे. वेळ आणि पैसा यांचा हिशेब कागदावर पुरा करता येतो. या हिशेबाची बाकी मात्र शून्य होत नाही. म्हणूनच काम थांबविण्याचा अधिकार हा प्रमुखाचा सर्वांत मोठा अधिकार होय, आणि घड्याळ पुढे धावत असताना तो वापरणे ही त्याची सर्वांत कठीण जबाबदारी.

या शाळेतून बाहेर पडलेल्यांपैकी अनेकांच्या हाती लहानमोठी कामे येतील. यशाचे श्रेय सहकाऱ्यांत वाटावे. अपयशाचे उत्तर मात्र स्वतः उभे राहून द्यावे. पदाची प्रतिष्ठा यातच आहे.