वसईच्या हरकती

मुंबई महानगर प्रदेशाची पहिली प्रादेशिक योजना १९७३ साली मंजूर झाली. तिच्यात वसई तालुक्याचा मोठा भाग हरित पट्ट्यात होता. वसईकराच्या रोजच्या जगण्यात त्याने काही फरक पडला नाही. जमीन हिरवी होतीच, सरकारने ती नकाशावरही हिरवी रंगवली, एवढंच. फरक पडला तो पंधरा-सोळा वर्षांनी, तो रंग पुसायची वेळ आली तेव्हा. तिथून पुढची साडेतीन दशकं वसईचे शेतकरी, मच्छीमार, शिक्षक आणि धर्मगुरू हरकती लिहीत आले आहेत. त्या हरकतींचं म्हणणं काय होतं, आणि त्यांतलं किती खरं ठरलं, हे आज पाहता येतं.

दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा, पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला तुंगारेश्वराचे डोंगर. मधून पश्चिम रेल्वेचे रूळ जातात. रुळांच्या समुद्राकडच्या बाजूला आगाशी, नंदाखाल, वाघोली, निर्मळ, भुईगाव, गास अशी गावं एकाला एक लागून आहेत. सामवेदी, वाडवळ, भंडारी, आगरी, कोळी, कुपारी अशा अनेक समाजांनी इथल्या वाड्या पिढ्यान्‌पिढ्या कसल्या. केळी, त्यातही सुकेळ्यांसाठी लागणारी राजेळी, विड्याच्या पानांचे मळे, भाजीपाला, मोगरा, सोनचाफा आणि पावसाळ्यात भात. मुंबईच्या फूलबाजारात आणि भाजीबाजारात पहाटेच्या लोकलने जाणाऱ्या टोपल्या इथल्याच.

हे सगळं उभं होतं गोड्या पाण्याच्या एका पातळ थरावर. समुद्रकाठी जमिनीखालचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. वरून पाऊस मुरत राहिला, तर खारं पाणी खालीच राहतं. उपसा वाढला आणि मुरणं थांबलं, की खारं पाणी वर चढतं, आणि एकदा विहिरीत मचूळ पाणी आलं की ते सहजी मागे जात नाही. वसईच्या माणसाला हे शिकवावं लागत नव्हतं. त्याने त्यावर तोडही काढून ठेवली होती. तिचं नाव बावखल. जोत्यासाठी, बांधासाठी किंवा सखल शेत उंच करण्यासाठी माती काढायची. त्या खड्ड्यात पावसाळ्याचं पाणी साठायचं, त्यावर रहाट बसवून वाडी भिजवायची. बावखलात मासे असत, कडेला माड असत, गुरं पाणी पीत आणि पोरं पोहायला शिकत. पण त्याचं मोठं काम दिसत नसे. चार महिने कोसळणारं पाणी ते अडवून धरी आणि हळूहळू आजूबाजूच्या विहिरींना पुरवी. शेत, बावखल, विहीर, ओहोळ आणि खाजण ही एकाच पाण्याची पाच ठिकाणं होती.

त्यामुळे हरित पट्ट्यातली एखादी जमीन विकली गेली आणि तिथल्या बावखलात भराव पडला, की त्याचा हिशेब त्या सातबाऱ्यापुरता संपत नसे. शेजारच्या तीन वाड्यांच्या विहिरींवर त्याचा परिणाम होई. वसईच्या विरोधाचं मूळ इथे आहे. तो नीट समजून घेतला गेला नाही, असं मला वाटतं. बाहेरच्यांना तो निसर्गप्रेम वाटला, कोणाला धर्माचा प्रश्न वाटला, कोणाला परप्रांतीयांचा. तो मुळात पाण्याचा प्रश्न होता.

ऐंशीच्या दशकात मुंबई गळू लागली होती. १९८२च्या संपानंतर गिरणगावातली कुटुंबं विखुरली. चाळीतल्या एका खोलीत दोन भावांचे संसार मावेनात आणि पागडी आवाक्याबाहेर गेली. नालासोपारा, विरार, नवघर-माणिकपूर इथे त्या पैशांत दोन खोल्या मिळत. त्या दशकाच्या अखेरीस राज्य सरकारने वसईतली हजारो हेक्टर हरित जमीन बांधकामाला मोकळी करायचं ठरवलं, आणि १९९० मध्ये नियोजनाचं काम सिडकोकडे आलं. जमिनीला भाव आला, आणि भावामागून दहशतही आली. ऑक्टोबर १९८९ मध्ये नालासोपारा स्थानकावर एका बांधकाम व्यावसायिकाची दिवसाढवळ्या हत्या झाली. त्या काळात गावात उभं राहून ‘माझी जमीन मला विकायची नाही’ असं म्हणणं सोपं नव्हतं.

अशा वेळी हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. तिचं नेतृत्व फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्याकडे होतं. ते नंदाखालचे, शेतकरी घरातले, ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक. पुढे २०२०च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा महाराष्ट्राने त्यांना नव्याने पाहिलं. वसईने मात्र त्यांना त्याआधी तीस वर्षं मोर्चाच्या पुढे पाहिलेलं होतं. चळवळीत चर्चच्या आवारातली माणसं होती, तशी देवळाच्या पारावरचीही होती, आणि ते असणं महत्त्वाचं होतं. विहीर खारी होताना ती कोणाची आहे हे पाणी विचारत नाही.

सर्वांत तीव्र लढा झाला तो टँकरचा. रेल्वेच्या आसपास इमारती उभ्या राहिल्या, पण नळाला पाणी नव्हतं. उसगाव, पेल्हार आणि पापडखिंडीची धरणं त्या लोकसंख्येला पुरणारी नव्हती, सूर्या धरणाचं पाणी अजून यायचं होतं. इमारतीत राहायला आलेल्या माणसाला रोज पाणी तर हवंच. ते पश्चिमेकडच्या गावांतल्या विहिरींतून उपसून टँकरने जाऊ लागलं. काही वाडीमालकांनी शेतीपेक्षा पाणीविक्रीत जास्त पैसे पाहिले. त्यात त्यांना दोष देऊन भागत नाही, कारण पानमळा परवडेनासा झाला होता. पण एका विहिरीवर दिवसरात्र पंप चालला की आसपासच्या विहिरी तळ गाठत. बाया टँकरसमोर उभ्या राहिल्या. घागर घेऊन दूर जाण्याची पाळी आधी त्यांच्यावरच आली होती. बांधकामाच्या परवानग्या पाण्याच्या हिशेबाशिवाय दिल्या जात आहेत, हे त्यांनी कुठल्याही अहवालाआधी ओळखलं होतं.

इथे एक अवघड गोष्ट बोलायला हवी. ज्यांना घर आहे त्यांनी घर नसलेल्यांना अडवू नये, असा आक्षेप हरित पट्ट्याच्या प्रत्येक लढ्यावर घेतला जातो. इंग्लंडमध्ये लंडनभोवतीचा हरित पट्टा १९३८च्या कायद्याने आकाराला आला. तिथेही आज हाच वाद आहे, की पट्ट्यामुळे घरं महाग होतात आणि तरुणांना शहरात जागा उरत नाही. या आक्षेपात तथ्य आहे. परळचा गिरणी कामगार, कोकणातून आलेला मुलगा किंवा उत्तर प्रदेशातून आलेला रिक्षावाला हे वसईच्या शेतकऱ्याचे शत्रू नव्हते. पण वसईत मांडलेली हरकत घरांनाच नव्हती. घरं कुठे, किती, कोणत्या पाण्यावर आणि कोणत्या नाल्याच्या भरवशावर, हा तिचा प्रश्न होता. त्याचं उत्तर न देता घरं बांधली, तर ती विकत घेणारा माणूसही फसणार, हे त्या हरकतीतच होतं. पुढे नेमकं तेच झालं.

विकास आराखडा मंजूर व्हायला २००७ साल उजाडलं. तो २००१ ते २०२१ या काळाचा होता, म्हणजे मंजुरीच्या दिवशीच त्याची सहा वर्षं खर्ची पडली होती. दरम्यानच्या काळात जमिनीवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपालिका आणि ५३ ग्रामपंचायती एकत्र करून वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली. गावांनी याला कडाडून विरोध केला. ग्रामपंचायत गेली म्हणजे ग्रामसभा गेली, आणि गावाची जमीन कशासाठी वापरायची यावर गावाला बोलायची जागा गेली. त्याच वर्षी वसईतून विवेक पंडित अपक्ष म्हणून विधानसभेवर निवडून आले, त्यामागे हा असंतोष होता. मे २०११ मध्ये महापालिकेतून २९ गावं वगळण्याची अधिसूचना निघाली, ती न्यायालयात अडकली आणि अखेर २०२४ मध्ये सरकारने मागे घेतली. तेरा वर्षं ही गावं आत आहेत की बाहेर, हेच ठरत नव्हतं.

२०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांवर गेली होती. २०१६ मध्ये मुंबई महानगर प्रदेशाच्या २०३६ पर्यंतच्या प्रादेशिक योजनेचा मसुदा आला आणि उरलेली हिरवी जमीनही कमी होणार असं दिसताच वसईतून पुन्हा हजारो हरकती गेल्या. या वेळी हरकती लिहिणारी पहिल्या लढ्यातल्यांची मुलं होती. त्यांच्याकडे उपग्रहाची छायाचित्रं होती, मसुद्यातल्या नकाशावर त्यांनी ओहोळ आणि बावखलं शोधली आणि कुठला रस्ता कुठल्या पाण्यावरून जातो ते दाखवून दिलं.

मग २०१८चा जुलै आला. ९ आणि १० तारखेच्या पावसात नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, लोकल थांबल्या, लांब पल्ल्याच्या गाड्या अडकून पडल्या. वीज नाही, पिण्याचं पाणी नाही, आणि तळमजल्यांमध्ये कमरेएवढं पाणी. मिठागरात राहणारी शेकडो माणसं चारी बाजूंनी वेढली गेली. वसईत पूर्वी असा पाऊस कधी पडला नव्हता असं नाही. मात्र तो पूर्वी खाजणात आणि शेतात पसरत असे. खाजणावर भराव पडला, ओहोळ अरुंद झाले, आणि पूर्वेच्या डोंगरावरून उतरणाऱ्या पाण्याला खाडीकडे जायची वाट उरली नाही.

महापालिकेने यानंतर नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आणि मुंबईची आयआयटी यांच्या तज्ज्ञांकडून अभ्यास करवून घेतला. त्यांच्या शिफारशींत एक मोठी शिफारस होती धारण तलावांची. पावसाचं पाणी एकदम नाल्यात न जाता थोडा वेळ थांबावं म्हणून राखीव ठेवलेले तलाव. शिफारस योग्यच आहे. पण तीस वर्षांपूर्वी गावकरी सुनावणीत जे सांगत होते ते याहून वेगळं नव्हतं. शेकडो बावखलं हेच काम फुकट करत होती, आणि त्यांतली किती बुजवली गेली याची महापालिकेने मोजदाद करायला हवी होती. हरकती आणि सूचना नोंदवून घेतल्या जातात, सुनावणीला हाक मारली जाते, दोन-चार मिनिटं मिळतात आणि गट क्रमांक विचारला जातो. ‘तुमची स्वतःची जमीन बाधित होते का?’ ज्याची जमीन बाधित होत नाही, फक्त पाणी बाधित होतं, त्याच्यासाठी त्या अर्जात रकानाच नाही.

शेतजमीन प्लॉटांखाली जाण्याचं हे दुखणं एकट्या वसईचं नाही. तंजावरच्या मराठी राज्यामुळे आपल्याला जवळचं वाटणारं कुंभकोणम घ्या. कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांमधलं हे शहर भातशेतीने वेढलेलं आहे. २०२० मध्ये तमिळनाडूने, कुंभकोणम ज्यात येतं त्या कावेरीच्या त्रिभुज प्रदेशासाठी, संरक्षित शेती क्षेत्राचा कायदा केला. नवे तेल आणि वायूचे प्रकल्प, कातडी कमावण्याचे कारखाने, जस्त वितळवण्याचे कारखाने तिथे येऊ नयेत, अशी तरतूद झाली. शेतकऱ्यांच्या मोठ्या लढ्याचं ते यश. पण बंदीच्या यादीत घरांचे प्लॉट नाहीत. त्याआधी २०१६ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाला विनापरवाना पाडलेल्या प्लॉटांची नोंदणीच थांबवावी लागली होती, आणि पुढच्याच वर्षी सरकारने जुने प्लॉट नियमित करण्याची योजना आणली. शेतजमीन वाचवायचा कायदा करताना तिचा सर्वांत शांत ग्राहक यादीबाहेर राहतो, हे तिथेही घडलं.

वसईत या सगळ्याची किंमत कोणी मोजली? नालासोपाऱ्यात आचोळ्याजवळ सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी आराखड्यात राखून ठेवलेल्या जमिनीवर ४१ इमारती उभ्या राहिल्या. उच्च न्यायालयाच्या आदेशावरून २०२५च्या सुरुवातीपर्यंत त्या पाडल्या गेल्या. त्यांत राहणारी हजारो माणसं रस्त्यावर आली. त्यांनी पैसे मोजले होते, वीजबिलं भरली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारमधली रमाबाई अपार्टमेंट ही अनधिकृत इमारत मध्यरात्री कोसळली आणि १७ माणसं दगावली. एका चिमुकलीच्या पहिल्या वाढदिवसासाठी घरात माणसं जमली होती. हिरवी जमीन राखणारे आणि घर घेणारे एकमेकांसमोर उभे केले गेले, आणि नियम मोडून मधल्यामध्ये पैसा करणारे मात्र कुठल्याच सुनावणीला आले नाहीत. आज मला वाटतं, हरित वसईच्या लढ्याने विस्थापित भाडेकरूला आणि स्वस्त घराच्या शोधात आलेल्याला आपल्या बाजूने उभं करायला हवं होतं. दोघांची मागणी एकच होती, आधी पाणी आणि नाला, मग मजले. त्या काळच्या दहशतीत ते किती शक्य होतं हा प्रश्न आहेच. तरी ती दरी राहिली आणि तिचा फायदा इतरांनी घेतला.

लढा वाया गेला असं मात्र म्हणता येणार नाही. रुळांच्या पश्चिमेला आगाशीपासून गासपर्यंत आजही वाड्या आहेत, केळी आहेत, पहाटे फुलांच्या टोपल्या निघतात. मीरा रोड किंवा नालासोपारा पूर्वेचं चित्र डोळ्यांसमोर आणलं तर हे आपोआप टिकलेलं नाही हे कळतं. दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी गेले. त्यांच्यानंतरची मंडळी सुट्टीच्या दिवशी बावखलांतला गाळ आणि जलपर्णी काढताना दिसतात.

२०२१ मध्ये जुन्या विकास आराखड्याची मुदत संपली. पुढच्या वीस वर्षांचा आराखडा येईल, तेव्हा तो पुन्हा हरकतींसाठी खुला होईल. त्यात प्रत्येक बावखल गट क्रमांकासह दाखवलेलं हवं, खाजणांच्या भरतीरेषा हव्यात आणि तुंगारेश्वराहून खाडीपर्यंतचा प्रत्येक ओहोळ त्याच्या मूळ रुंदीसह हवा. आराखड्यात जे दाखवलेलंच नाही, त्यावर भराव पडला तर पंचनामा कशाचा करणार? गावातल्या म्हाताऱ्यांना या जागा अजून तोंडपाठ आहेत. ते आहेत तोवर ही नोंद करून घ्यायला हवी, आणि या वेळी ती सुनावणीच्या दिवसाआधी.