घर विकताना नकाशाचे मोल

‘घर पाहावे बांधून’ असे आपले वाडवडील सांगून गेले. स्वानुभवावरून मी त्यात एवढीच भर घालीन, की घर पाहावे विकूनही. बँकेच्या कर्ज विभागात मी अनेक वर्षे काढली. दुसऱ्यांच्या घरांची कागदपत्रे तपासणे हे माझे रोजचे काम होते. तरीही सांगलीतील स्वतःची सदनिका विकण्याची वेळ आली, तेव्हा एका साध्या कागदाअभावी माझी फजिती झाली. तो कागद म्हणजे घराचा नकाशा.

निवृत्तीनंतर मुलाजवळ पुण्यास राहण्याचे ठरले आणि आम्ही जाहिरात दिली: ‘दोन शयनगृहे, ८५० चौरस फूट, ५१ लाख रुपये.’ सोबत बैठकीची आणि स्वयंपाकघराची छायाचित्रे जोडली. पाच महिने माणसे येत राहिली. प्रत्येक वेळी पत्नीने घर आवरावे, चहा ठेवावा आणि पाहुण्यांनी दहा मिनिटांत निरोप घ्यावा. कोणाला स्वयंपाकघर पूर्वेला हवे असे, कोणाला आजोबांच्या खोलीला लागून स्नानगृह हवे असे, तर कोणाचे कपाट दारातून आत जाणार नसे. ही सारी उत्तरे एका पानावर देता आली असती. ती न दिल्यामुळे त्यांचा आणि आमचाही वेळ वाया गेला.

शेवटी एका गृहस्थांनी पसंती कळवून एक लाख रुपये इसार दिला. त्यांच्या बँकेचा मूल्यांकनकार पाहणीस आला. त्याच्या हाती नगरपालिकेकडील मंजूर नकाशाची प्रत होती. बावीस वर्षांपूर्वी आम्ही गॅलरी बंद करून ती शयनगृहात घेतली होती. इतक्या वर्षांच्या वापराने ते आमच्या स्मरणातूनही गेले होते, पण कागद विसरत नाही. मूल्यांकनकाराने वाढीव भाग मूल्यात धरला नाही, त्यामुळे कर्जाची रक्कम घटली आणि व्यवहार मोडला. मी इसार परत केला. त्या गृहस्थांनी एवढेच विचारले, “साहेब, तुम्ही तर बँकेतले, हे आधी का सांगितले नाही?” या प्रश्नास माझ्यापाशी उत्तर नव्हते.

त्यानंतर मी एका तरुण अभियंत्याकडून घराचे मोजमाप करून घेतले. भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजल्यावर आतील क्षेत्रफळ ६४० चौरस फूट भरले. खरेदीखतातील ८५० चौरस फुटांत भिंतींची जाडी, गॅलरी आणि जिन्याचा हिस्साही धरलेला होता. ५१ लाखांस ८५० ने भागले तर दर ६,००० रुपये येतो, आणि ६४० ने भागले तर तो जवळजवळ ७,९७० रुपये होतो. घर तेच आणि किंमतही तीच, परंतु ग्राहकाच्या मनातील हिशेब पार बदलतो. हा फरक त्याला व्यवहाराच्या अखेरीस कळला, तर तो आपल्या प्रत्येक शब्दावर संशय घेतो.

स्थावर संपदा कायदा, २०१६ मध्ये चटई क्षेत्राची व्याख्या स्पष्ट केली आहे. बाहेरच्या भिंतींखालची जागा, नळ-तारांच्या पोकळ्या, गॅलरी व उघडी गच्ची त्यातून वगळतात. आतील विभाजक भिंती मात्र धरतात. बांधकाम व्यावसायिकांनी नव्या घरांची विक्री चटई क्षेत्रावरच करावी, असा हा दंडक आहे. जुन्या घराच्या मालकानेही तेच माप सांगावे, हे शहाणपणाचे.

चांगल्या नकाशात काय असावे? प्रत्येक खोलीची आतील लांबी-रुंदी, दारे कोणत्या बाजूस उघडतात, खिडक्या, खांब, देवघर आणि माळा कोठे आहेत, हे सारे दिसावे. उत्तर दिशेचा बाण असावाच, म्हणजे दिशांचा प्रश्न वेगळा विचारावा लागत नाही. प्रमाण लिहावे, १ सेंटिमीटर म्हणजे १ मीटर हे घरासाठी सोयीचे पडते. पुढे केलेले फेरफार तुटक रेषेने दाखवावेत. मात्र जाहिरातीतील नकाशात तिजोरीची जागा कधीही दाखवू नये. व्यापारी कुटुंबांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशी वास्तू असेल, तर दोन्ही मजल्यांचे नकाशे वेगळे काढावेत आणि जिना कोणाच्या वापरात आहे ते लिहावे. वडिलोपार्जित घर भावाभावांत वाटून विकायचे असेल, तर हा नकाशा ग्राहकाच्या आधी घरच्यांनाच उपयोगी पडतो. कोणाच्या हिश्शात किती जागा आली, हा वाद कागदावर लवकर मिटतो.

एक गोष्ट मात्र विसरू नये. हा नकाशा मंजूर नकाशाची जागा घेऊ शकत नाही. मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र आणि खरेदीखत काढून तिन्हींशी तो आधी ताडून पाहावा. तफावत आढळल्यास ती स्वतःहून सांगावी.

आम्ही नवी जाहिरात दिली. ६४० चौरस फूट असे स्पष्ट लिहिले, बंद केलेली गॅलरी तुटक रेषेने दाखवली आणि नकाशा सोबत जोडला. येणाऱ्यांची संख्या निम्म्याहून खाली आली. पत्नीला वाटले, आता घर विकले जात नाही. परंतु जे येत, ते नकाशा पाहून, विचार करून येत. दीड महिन्याने इचलकरंजीचे एक कापड व्यापारी सहकुटुंब आले. त्यांच्या हातात आमच्या नकाशाची छापील प्रत होती, आणि आईचा पलंग, मुलाचे टेबल, शिलाई यंत्र अशा जागा तिच्यावर पेन्सिलीने आधीच आखलेल्या होत्या. गॅलरीच्या तुटक रेषेवर बोट ठेवून ते म्हणाले, “हे तुम्ही दाखवलेत म्हणून आलो. आम्ही कापड मोजूनच घेतो आणि मोजूनच देतो.”

व्यवहार ४८ लाखांस ठरला. मागितल्यापेक्षा तीन लाख कमी आले, हे खरे. पण या वेळी मूल्यांकनकार आला तेव्हा मी निर्धास्त बसलो होतो. त्याने विचारण्याआधीच नकाशा त्याच्या हाती दिला होता.