पाहुणे गळ घेऊन येतात तेव्हा : येलदरी, दुधना अन् गोदाकाठी बसण्याआधी हे माहीत असू द्या

जिंतूर (प्रतिनिधी) : दिवाळीत किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्या-मुंबईहून गावाकडं येणाऱ्या पाहुण्यांच्या गाडीत आजकाल एक नवी वस्तू दिसू लागली आहे, ती म्हणजे रीळ लावलेली लांब काठी. मोबाईलवर व्हिडिओ पाहून दाजींना हौस येते, मेहुणा मोटारसायकल काढतो, भाचे मागं लागतात आणि सगळे येलदरीच्या नाहीतर गंगेच्या काठाला. मासे मिळाले तर मजा, नाही मिळाले तरी दिवस चांगला जातो. पण यातलाच एखादा दिवस घराला कायमचा लक्षात राहील असाही निघतो. म्हणून काठावर बसण्याआधी काही गोष्टी समजून घेतलेल्या बऱ्या.

परभणी जिल्ह्याला समुद्र नाही की जेटी नाही. अलिबाग, रत्नागिरीकडं जेटीवरून गळ टाकणारा माणूस भरती-ओहोटीचं गणित पाहून निघतो. इथं भरती नाही. इथलं पाणी वाढतं ते दरवाजे उघडले म्हणून, आणि त्याची वेळ पंचांगात लिहिलेली नसते. शिवाय जेटी उभं राहायलाच बांधलेली असते. आपल्याकडं जेटीसारखं दिसणारं जे काही आहे, म्हणजे बंधाऱ्याची भिंत, दरवाजांचे खांब, धरणाचा पाळू, ते गळ टाकायला नाही. समुद्राकाठी शिकलेलं निम्मं इथं चालतं आणि निम्मं अंगाशी येतं.

मासा कुणाचा?

नव्या माणसाला वाटतं, पाणी सरकारचं आणि मासा देवाचा. तसं नाही. मोठे प्रकल्प आणि तलाव मत्स्यव्यवसाय विभागाकडून मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्यानं दिले जातात. संस्था ठेक्याची रक्कम भरते, मत्स्यबीज विकत घेते, पाण्यात सोडते आणि पुढं काही महिने राखण करते. रोहू, कटला, मृगळ हे मासे वाहत्या, पुराच्या पाण्यात अंडी घालतात. साठलेल्या पाण्यात ते वाढतात, पण सहसा वीण होत नाही. म्हणजे तलावातला कटला हा बहुतेक वेळा कुणीतरी बोटुकली असताना पैसे मोजून सोडलेला असतो. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर ते पेरलेलं पीक आहे, फक्त धुरा दिसत नाही.

हे बीज हॅचरीत तयार करायची वाट १० जुलै १९५७ रोजी मोकळी झाली. त्या दिवशी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशांना संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन अंडी मिळवली. म्हणूनच १० जुलै हा देशभर मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळला जातो. त्याआधी नदीच्या पुरातून बीज गोळा करावं लागे आणि त्यात कुठला मासा किती, हे कुणाच्या हातात नसे.

तर पहिलं काम परवानगीचं. काठावरच्या मच्छीमार वस्तीत जाऊन विचारावं. "पाव्हणं, कुणाकडं आलाव?" असा उलटा प्रश्न आधी येईल, त्याला नीट उत्तर द्यावं. घरच्या माणसाला सोबत नेलेलं केव्हाही चांगलं. एक-दोन गळ टाकून तास-दोन तास बसणाऱ्याला कुणी हटकत नाही, असं समजून परस्पर बसू नये. संस्थेनं नाही म्हटलं तर नाही. हो म्हटलं तर त्यांची जाळी कुठं सोडली आहेत तेही विचारून घ्यावं. पाण्यावर तरंगणाऱ्या प्लॅस्टिकच्या बाटल्या किंवा थर्माकोलचे तुकडे दिसले की खाली जाळं आहे असं धरून चालावं. त्यात गळ अडकला तर दोरी आपली तोडावी, जाळं नाही. जाळ्याला एक मोठं भोक पडलं की त्या घरची रात्रभराची मेहनत वाहून जाते.

विहिरीच्या जिलेटिननं, विषानं किंवा तारेवर आकडा टाकून पाण्यात करंट सोडून मासे धरणारे अजूनही आहेत. सुरुंग आणि विष यांना १८९७ च्या मत्स्यव्यवसाय कायद्यापासून बंदी आहे. करंट तर माशाआधी माणसाला धरतो. असल्या टोळीत पाहुण्यानं गंमत म्हणूनही उभं राहू नये.

कुठं बसावं

जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरी, सेलू तालुक्यात ब्रह्मवाकडीजवळ निम्न दुधना, गंगाखेडकडं मासोळी, आणि गोदावरीवर ढालेगाव, मुदगल यांसारखे बंधारे. पाणी भरपूर आहे, पण मासा सगळीकडं सारखा नसतो. ओढा जिथं जलाशयाला मिळतो तिथं खाद्य वाहून येतं, तिथं मासा फिरतो. पाण्यात बुडालेल्या बाभळी असतील तर त्यांच्या आडोशाला मासा हमखास असतो, पण गळही हमखास अडकतो. वारा ज्या काठाकडं वाहतो त्या काठाला बसावं. टाकताना तोंडावर वारा येतो म्हणून नवा माणूस उलट्या काठाला जातो आणि रिकामा येतो. वाऱ्यासोबत वरचं शेवाळ, किडे, कचरा याच काठाला लागतात.

उन्हाळ्यात उजाडल्यापासून नऊपर्यंत आणि मग उन्हं कलल्यावर. मधल्या वेळात मासाही खोल जातो आणि माणसानंही घरी जावं. मे महिन्यातलं परभणीचं ऊन डोक्यावर घेऊन खडकावर बसणं ही हौस नव्हे. थंडीत उलट आहे. सकाळी पाणी गार असतं, तेव्हा मासा सुस्त. दहानंतर पाणी जरा तापलं की तो हलू लागतो.

कुठला मासा कुठल्या थरात खातो ते कळलं की अर्धं काम झालं. कटल्याचं डोकं मोठं आणि तोंड वर वळलेलं, तो वरच्या थरात खातो. रोहू मधल्या थरात. मृगळ आणि सायप्रिनस तळाशी. त्यामुळं कटल्यासाठी गळ तळाला टाकून दोन तास वाट पाहण्यात अर्थ नाही.

पाहुण्यासाठी सगळ्यात चांगला मासा म्हणजे चिलापी. चवीला ठीक, गळाला पटकन लागतो, आणि साठलेल्या पाण्यात स्वतःच वाढतो. मादी अंडी तोंडात सांभाळते, म्हणून त्याची संख्या भराभर वाढते. संस्थेनं पैसे देऊन सोडलेल्या कटल्यापेक्षा चिलापी धरलेला कुणालाही परवडतो. मरळ धरायची हौस बहुतेकांना असते. पण पाण्यावर लालसर-नारिंगी पिल्लांचा घोळका वळवळताना दिसला, तर खाली आई-बाप राखणीला आहेत असं समजावं आणि तिथून गळ काढावा. तो मरळ चिडून गळावर येतो, सहज सापडतो, आणि मागची शेकडो पिल्लं दुसऱ्या माशांच्या तोंडी जातात.

समुद्रात राज्याची यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते. ती बंदी नदीला लागू नाही, पण पावसाळ्याच्या सुरुवातीला ओढ्यानं वर चढणारे पोटुशी मासे काठीनं, पोत्यानं धरायची जी झुंबड उडते, ती पाहिली की वाटतं लागू असायला हवी होती.

काठी, दोरी, आमिष

समुद्रावरची बारा फुटी जाड काठी आणि शंभर ग्रॅमचं शिसं इथं उपयोगाचं नाही. एवढं वजन काळ्या गाळात रुतून बसतं आणि आमिष माशाला दिसतच नाही. हलकी काठी, बारीक नायलॉन दोरी, दहा-वीस ग्रॅमचं शिसं पुरे. गावातली पोरं वेळूच्या काठीला रीळ न लावता चिलापी धरतात, हे पाहुण्यानं एकदा डोळ्यांनी पाहावं, म्हणजे पुढचा खर्च वाचेल. नायलॉनची गाठ आवळताना थुंकी लावून ओली करावी. कोरडी गाठ घासून तापते आणि नेमका मोठा मासा लागल्यावर तुटते.

आमिषाला गांडूळ चांगलं, उकिरड्याच्या ओलीत मिळतं. कणकेच्या गोळ्यात शेंगदाण्याची पेंड आणि थोडा कापूस मळून घेतला तर गोळा पाण्यात लवकर सुटत नाही. ही युक्ती कापसाच्या गावातच सुचू शकते. मरळीसाठी बेडूक लावतात, ते टाळावं. बेडूक रात्रभर शेतातले किडे खातो, त्याची मजुरी कुणी मागत नाही.

पाणी न सांगता वाढतं

आता मुख्य मुद्दा. गोदावरीच्या पात्रात बसलेल्या माणसाच्या डोक्यावर आभाळ निरभ्र असतं, आणि वर पैठणला जायकवाडीचे दरवाजे उघडलेले असतात. माजलगाव धरणातून सुटलेलं पाणीही सिंदफणेतून मंजरथजवळ गोदावरीत येतं. ते मग पाथरी, सोनपेठ, गंगाखेड असं खाली जातं. दुधनेचं सोडलेलं पाणी पुढं पूर्णेला मिळतं. आपल्या गावात थेंब पडला नाही म्हणून नदी शांत राहील, हा हिशेब चुकतो.

येलदरीच्या खाली वीजनिर्मिती केंद्र आहे. संच चालू झाले की खालच्या पात्रात पाणी येतं, आणि मघाशी चालत गेलेला खडक परतताना बेट झालेला असतो. धरणाच्या खालच्या बाजूला, बंधाऱ्याच्या दरवाजांसमोर आणि भिंतीवर बसायचंच नाही. तिथं मासा जास्त असतो हे खरं आहे, म्हणूनच माणसं तिथं जातात.

काठाशी एक काडी रोवावी. पाणी काडीच्या वर चढलं, गढूळ झालं, पालापाचोळा वाहू लागला किंवा आवाज बदलला, की सामान गोळा करत बसू नये. काठी राहिली तर राहू द्यावी. पावसाळ्यात निघण्याआधी ग्रामपंचायत किंवा तहसीलचा विसर्गाचा इशारा पाहावा. तो गावाच्या ग्रुपवर येतो, पण पाहुणे त्या ग्रुपवर नसतात. तेवढा पुढं पाठवायचं काम घरच्यांचं.

गाळ, वायर आणि वीज

फेब्रुवारीनंतर पाणी मागं हटतं आणि गाळ उघडा पडतो. वरून वाळून भेगा पडलेल्या, आत मात्र लिबलिबीत. दोन पावलं जमीन धरते, तिसऱ्याला माणूस मांडीपर्यंत आत. जनावरांची पायवाट आहे तिथूनच उतरावं. रुतलंच तर उभ्यानं पाय ओढू नये, आडवं होऊन अंगाचा भार पसरावा. पात्रात वाळू उपसलेले खड्डेही असतात. गुडघाभर पाण्यातून एक पाऊल पुढं टाकलं की तळच लागत नाही. काही ठिकाणी उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर केलेलं असतं, टरबूज, कोथिंबीर. ते कुणाचं तरी पीक आहे, त्यातून चालू नये.

काठावर शेतकऱ्यांच्या मोटारी असतात. त्यांच्या वायरी पाण्यात, गवतात पडलेल्या असतात, जोड टेपनं गुंडाळलेले. गळ वायरीत अडकला तर ओढून सोडवायचा प्रयत्न करू नये. वरून गेलेल्या तारांखाली तर काठी उभीच करू नये. शहरातून आणलेल्या बहुतेक काठ्या कार्बनच्या असतात आणि कार्बनमधून वीज वाहते. मोकळ्या काठावर बारा फुटी कार्बनची काठी धरून उभा असलेला माणूस आभाळातल्या विजेलाही आवडतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' हे ॲप फोनमध्ये घ्यावं. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस आकडे मोजून होत नसतील तर पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जावं, झाडाखाली नाही.

कुणी बुडालं तर

एकजण बुडतो आणि वाचवायला गेलेला दुसराही जातो, ही बातमी दरवर्षी कुठल्या ना कुठल्या गावातून येते. म्हणून उडी मारायची नाही. दोर, वेळूची काठी, उपरणं, ओढणी, जे हाताला येईल ते फेकायचं. घरून निघतानाच वीस-पंचवीस हात दोर आणि झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा डबा त्याला बांधून सोबत ठेवावा. तेलाचा डबा धुऊन घेतला की खर्च शून्य.

बाहेर काढलेल्या माणसाला उलटं लटकवणं, पालथं घालून पोट दाबणं, मडक्यावर झोपवून फिरवणं, हे करू नये. त्यात वेळ जातो आणि पोटातलं वर येऊन श्वासनळीत अडकतं. श्वास नसेल तर लगेच उताणं झोपवून, नाक दाबून तोंडानं पाच वेळा श्वास द्यावा. मग छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी तीस वेळा जोरात दाब, पुन्हा दोन श्वास. दुसऱ्यानं तोवर १०८ लावावा. माणूस शुद्धीवर आला, बोलू लागला, तरी दवाखान्यात न्यावंच. फुफ्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही होतो.

लहान मुलं असतील तर एका मोठ्या माणसानं गळ हातात घ्यायचाच नाही, फक्त मुलं पाहायची. आणि दारू प्यायलेल्याला काठावर आणायचं नाही, मग तो कितीही मानाचा पाहुणा असो.

उरलेलं थोडक्यात

गळाचं मागं वळलेलं टोक पकडीनं आधीच दाबून टाकावं, म्हणजे बोटात रुतला तरी आल्या वाटेनं निघतो. डोळ्याजवळ रुतला तर हात न लावता दवाखाना. दोन्ही वेळी धनुर्वाताचं इंजेक्शन. शिंगाडा, मागूर यांच्या कल्ल्यामागच्या काट्यानं टोचलं तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवावा, ठणका कमी होतो.

गंगाखेडच्या घाटावर आणि इतर स्नानाच्या जागी गळ टाकू नये. संत जनाबाईंच्या गावात माणसं अनवाणी पायानं पायऱ्या उतरतात. तुटलेली नायलॉन दोरी काठावर सोडली तर पक्ष्याच्या पायात नाहीतर म्हशीच्या पोटात जाते. ती गोळा करून खिशात घालावी.

मासा पाण्यातून निघाल्यावर ओल्या गोणपाटात, सावलीत ठेवावा. डिकीत नाही. वर उन्हात दोन तास राहिलेल्या माशाचे कल्ले काळपट पडतात, आणि मग घरी ताई कितीही मसाला वाटू द्या, दाजींच्या ताटातला वास काही जात नाही.