जुन्या जीपखालचा डाग कशाचा?

दुसऱ्या महायुद्धानंतर महिंद्र कंपनीने मुंबईत माझगावला जुळणी सुरू केलेल्या विलिज जीपच्या वंशातील जुन्या गाडीखाली डाग दिसला, की तो इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटचा की दंतचक्रांना वंगण देणाऱ्या गिअर ऑइलचा, हे आधी ठरवावे लागते आणि त्यासाठी रात्रभर गाडीखाली पसरलेला पुठ्ठा पुरतो. कूलंट पाण्यासारखे पातळ, बहुधा हिरवे व गोडसर वासाचे असते (चव मात्र घेऊ नये, त्यातले इथिलीन ग्लायकॉल विषारी असते). वॉटर पंपाखालच्या बारीक भोकातून ते ठिबकत असेल, तर आतले सील झिजलेले असते. गिअर ऑइल दाट असून त्याला गंधकाचा उग्र दर्प येतो. खरी फसवी गळती निराळीच: गिअरबॉक्स आणि पुढच्या-मागच्या आसांना शक्ती वाटून देणारी ट्रान्सफर केस यांमधले सील गेले, की तेल एकातून दुसरीत सरकते, गिअरबॉक्समधली पातळी घटते, पण पुठ्ठा कोराच राहतो. मुंबईतल्या नायगावलगतच्या हिंदमाता परिसरात पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून गेलेल्या जीपचे गिअर ऑइल ताकासारखे पांढुरके झाले असेल, तर हवा खेळण्यासाठी ठेवलेल्या छिद्रातून किंवा झिजलेल्या सीलमधून पाणी आत शिरलेले असते आणि अशा वेळी वरून भर घालण्याऐवजी सगळे तेल काढून बदलावे लागते.