खवळलेल्या समुद्रात बोट का उलटते?

मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट 17 जुलै 1947 रोजी भर पावसाळ्यात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली.

एरवी बोट कलली तरी सावरते. कललेल्या बाजूचा जास्त भाग पाण्यात जातो आणि तिथले पाणी तिला वर रेटते. पण लाटेच्या तडाख्याने घाबरलेले प्रवासी एका बाजूला धावले, की सगळे वजन तिकडेच जाते आणि पाण्याचा रेटा अपुरा पडतो. त्यात लाटांचे पाणी आत शिरले तर धोका वाढतो. भरलेली परात जरा तिरकी होताच सगळे पाणी खालच्या काठाकडे धावते. डेकवरचे पाणीही तसेच धावून बोटीला आणखी कलवते. तिथून पुढे कप्तानाच्या हाती फारसे काही उरत नाही.

म्हणून बोट सोडायची की नाही, हा निर्णय धक्क्यावरच व्हायला हवा. हवामान खात्याच्या सूचनेवरून बंदरात वादळाचा बावटा लागतो, तो त्यासाठीच. गेटवे-मांडवा लाँचसेवा पावसाळ्यात बंद असते. मोठी रो-रो बोट चालते, पण हवा बिघडली की तिच्याही फेऱ्या रद्द होतात. फेरी रद्द झाली तर प्रवाशांनी धक्क्यावर हुज्जत घालू नये.